मामांच्या कुलपाची दुसरी किल्ली

माझ्या बायकोच्या मामांना मी फसवलं. हे वाक्य पहिलंच लिहून टाकतो, कारण गेली चार वर्षं मी ते बरोबर उलटं करून सांगत आलो आहे. मामांनी मला फसवलं, ऐन कामात सोडून गेले, अंधेरीची दोन कामं त्यांच्यापायी माझ्या हातची गेली. हे मी बारशात सांगितलं, साखरपुड्यात सांगितलं, एकदा तर एका नातेवाइकाला पोचवून स्मशानातून परत येताना रिक्षात सांगितलं. घाटकोपरच्या चाळीत दुसऱ्याच्या हाताखाली पाइपातून वायर ओढत मी सुरुवात केली आणि आज माझी स्वतःची इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टची फर्म आहे. ती मी दोन गोष्टींवर उभी केली: समोरच्याने आकडा सांगितला की हसायचं, आणि त्याने हसायच्या आत आवाज चढवायचा. त्यामुळे माझी तक्रार लोकांना पटकन पटायची. ज्यांच्याविरुद्ध ती होती ते मामा तर कधी काही बोललेच नाहीत.

आमच्या मामांइतका विजेला घाबरणारा माणूस मुलुंडपासून अंधेरीपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि तिच्या इतक्या जवळ आयुष्य काढलेलाही. भांडुपच्या एका कारखान्यात मोठ्या दाबाची पॅनेलं बनवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मी त्यांना माझ्याकडे सुपरवायझर म्हणून आणलं, कारण अकरा हजार व्होल्टच्या कामाला लागणारा परवाना त्यांच्याकडे होता आणि माझ्याकडे फक्त आवाज होता. "घरची वीज हात लावल्यावर चावते," मामा म्हणायचे, "ही हात जवळ नेला की स्वतः पुढे येते." म्हणून ते कायम पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालत. नायलॉन नाही, घड्याळ नाही, गळ्यात साखळी नाही. लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी त्यांनी पंगत उठायच्या आत काढून मामींच्या हातात ठेवली होती. मामी ते शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. "लोकांना वाटलं, नवरा पळून जातोय," असं त्या प्रत्येक नव्या सुनेला सांगत. आणि डावा हात खिशात. करंट एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघाला तर वाटेत काळीज लागतं, म्हणून काम करताना एकच हात पुढे करायचा, हा त्यांच्या धंद्यातला जुना नियम. मामांनी तो धंद्यापुरता ठेवला नाही. डावा हात खिशात ठेवूनच ते आरती घेत, डावा हात खिशात ठेवूनच जावयांना हार घालत. माझ्या लग्नातल्या फोटोत मामा एका हाताने अक्षता टाकताहेत आणि दुसऱ्या हाताने पाकीट सांभाळताहेत असं वाटतं. माझ्या आईने तेव्हा मला विचारलं होतं, "त्यांना आपल्या लोकांचा इतका संशय येतो का रे?"

मुलुंडच्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात फ्रिजपुढे, वॉशिंग मशीनपुढे आणि इस्त्रीच्या टेबलाखाली काळ्या रबरी मॅटचे तुकडे टाकलेले असत. देव्हाऱ्यात कोणीतरी लुकलुकणारी विजेची समई भेट दिली, तर तिच्यापुढेही एक तुकडा आला. मामी त्यावर उभ्या राहून पूजा करीत आणि देवाला म्हणत, "माफ कर, यांचं असंच आहे." पण हसण्यावारी नेता येईल इतके मामा सोपे नव्हते. भांडुपला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. मैदानात मांडव, दाराशी दिव्यांची कमान, नवरदेव घोड्यावरून उतरतोय, बेंजो जोरात. मामा पुढे झाले, कमानीच्या लोखंडी खांबाला उजव्या हाताची मागची बाजू किंचित लावायला गेले आणि थांबले. हाताची मागची बाजू का, तर शॉक लागला की मूठ आवळते. तळहाताने धरलं तर सुटत नाही, मागच्या बाजूने लागलं तर हात आपसूक दूर होतो. मग त्यांनी खिशातून टेस्टर काढून खांबाला टेकवला आणि शांतपणे वरमाय होऊ घातलेल्या बाईंना सांगितलं, "ताई, नवरदेवाला आत आणू नका. खांबाला करंट आहे." पाऊण तास लग्न खोळंबलं. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी चिडले, डेकोरेटर म्हणाला, "काका, कशाला टेन्शन घेता, रोज लावतो आपण!" मामांनी मेन स्विच बंद केला आणि फ्यूज काढून खिशात घालून ते खुर्चीवर बसले. एका वायरचं आवरण खिळ्यावर घासून गेलं होतं. ते सापडलं, बदललं, मग अक्षता पडल्या. त्या नवरदेवाला आता दोन मुलं आहेत आणि तो अजून मामांवर रागावलेला आहे, कारण त्याच्या लग्नाच्या व्हिडिओत पाऊण तास नुसता घोडा दिसतो.

त्यांची सगळ्यात मोठी खोड तपासण्याची. लाइन बंद केली आहे असं कोणी सांगितलं की मामा विचारीत, "कोण म्हणतो?" मग लांब काठीच्या टोकाला लावलेला डिटेक्टर घेऊन ते आधी शेजारच्या चालू लाइनला दाखवीत. तो पिंपिं ओरडला की मग बंद लाइनला लावीत. तो गप्प बसला, तरी यांचं समाधान नाही. पुन्हा चालू लाइनपाशी नेऊन तो अजून ओरडतो का ते बघत. "आधी जिवंतावर, मग मेलेल्यावर, मग परत जिवंतावर. मधल्या मध्ये टेस्टरच मेला असेल तर? मेलेला टेस्टर सगळ्यांनाच मेलेलं सांगतो." कारखान्यात त्यांचा एक जोडीदार होता. त्याला दुसऱ्या एका सज्जन, प्रामाणिक माणसाने "बंद आहे" असं सांगितलं होतं. मामा शिडी धरून उभे होते. याच्यापुढे मामा कधी सांगत नसत, आणि आम्हीही विचारलं नाही.

पण ही तपासणी ते भाजीबाजारातही करीत. मी एकदा त्यांच्याबरोबर मुलुंडच्या मंडईत गेलो. मला वाटलं होतं, भाव करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी भेंडीवाल्याशी दहा मिनिटं भांडून रंगात आलो होतो, तेवढ्यात मामांनी पिशवीतून एक किलोचा मिठाचा बंद पुडा काढून त्याच्या काट्यावर ठेवला. काटा एक किलो दाखवतो म्हटल्यावर भेंडी मोजली. भेंडी झाल्यावर पुन्हा पुडा ठेवला. भेंडीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, तुमच्यापेक्षा हे डेंजर आहेत." तापमापकाचं तेच. नातवाला ताप आला की मामा आधी स्वतःच्या काखेत लावीत, मग नातवाच्या, मग परत स्वतःच्या. तोवर पोर झोपून जायचं.

आणि कुलूप. एवढ्या मोठ्या दाबाच्या जागेत काम करायचं तर मेन ब्रेकर बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची, म्हणजे तो आत असताना बाहेरून कोणी वीज सोडू शकत नाही. मामांचं कुलूप पितळी होतं, किल्ली जगात एकच, आणि ती करगोट्याला बांधलेली. ब्रेकरच्या हँडलवर ते आपली तपकिरी लोकरीची टोपी अडकवून ठेवीत. "धोक्याची पाटी कोणी वाचत नाही. म्हाताऱ्याची टोपी बघून माणूस जरा थांबतो." एकदा कुलूप पडलं की मामा मामा राहत नसत. घरी मला "जावईबापू, तुम्ही बसा, तुम्ही घ्या" असं तोंड भरून म्हणणारा माणूस साइटवर म्हणायचा, "ए, तू पिवळ्या पट्टीच्या मागे हो." आत हात असताना कोणाच्याही हाकेला ओ देत नसत. "हात आत, तोंड बंद. ज्याला काम आहे त्याने समोर यावं."

हे सगळं वाचताना गोड वाटत असेल. मला नव्हतं वाटत. गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलेलं असायचं आणि मामा काठी घेऊन तिसऱ्यांदा जिवंताकडे निघालेले असायचे. साकीनाक्याच्या एका कामावर ते पॅनेल साफ करून, कुलूप तसंच ठेवून, किल्लीसकट विक्रोळीला कोणाच्या तरी डोहाळजेवणाला गेले, कारण पावसाळी दमट हवेत इन्सुलेटर वाळायला दोन तास लागतात आणि त्याआधी ते वीज सोडणार नव्हते. दोन तास सगळं संकुल अंधारात. मी फोनवर ओरडलो. मामा तिकडून म्हणाले, "जावईबापू, तुमच्यासाठी बर्फी आणतोय." तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की या कुलपाला दुसरी किल्ली पाहिजे.

ती मिळवणं शक्य नव्हतं. मामा अंघोळीलाही करगोटा काढत नसत. पण त्यांचा गुडघा धरला आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. घाटकोपरला मीच त्यांना घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं, अंगावर धातू चालणार नाही. मामांनी अर्धा तास त्या मशीनची चौकशी केली, अर्थिंग कुठे आहे ते विचारलं, त्या बाईंना घाम फोडला, आणि शेवटी करगोट्याची गाठ सोडून किल्ली माझ्या हातावर ठेवली. "जावईबापू, ही तुमच्याशिवाय मी कोणाकडे देत नाही. मुठीत ठेवा." मी मुठीत ठेवली. दार बंद झाल्यावर जिना उतरून खाली गेलो. कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारा बसला होता. त्याने सांगितलेल्या भावातून, सवयीने, मी वीस रुपये कमी करून घेतले. मामा लंगडत बाहेर आले तेव्हा त्यांची किल्ली माझ्या मुठीत होती, जरा कोमट. त्यांनी ती घेतली, परत बांधली आणि माझे आभार मानले.

ज्या माणसाने भेंडीवाल्याचा काटा तपासला, त्याने ती मूठ तपासली नाही.

वर्षभर ती दुसरी किल्ली माझ्या गाडीच्या किल्ल्यांत नुसती लोंबत होती. मग मरोळच्या एका औद्योगिक संकुलाचं काम आलं. रविवारचं शटडाउन, सकाळी आठ ते दुपारी एक. मामांनी ब्रेकर बंद केला, कुलूप घातलं, टोपी अडकवली, तीनदा तपासलं, आणि मागच्या अंगणात ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन तिन्ही तारांना जमिनीत जाणाऱ्या जाड वायरचे चिमटे लावले. हे चिमटे म्हणजे त्यांची शेवटची सावधगिरी. "कोणी चुकून चालू केलीच, तर ती माझ्याआधी जमिनीला भेटेल." मग ते ट्रान्सफॉर्मरचे चिनीमातीचे इन्सुलेटर पुसायला बसले. एक वाजला. सव्वा वाजला. संकुलाचे सेक्रेटरी तीनदा येऊन गेले. चौथ्यांदा आले ते दोन गाळेवाल्यांना घेऊन. "काय राव, एकला देतो म्हणालात! माल अडकलाय आमचा, वाट लागली. तुमच्या माणसाला जमत नसेल तर दुसरा बघतो ना आम्ही."

त्यांना बाहेरच थांबवून मी ब्रेकरच्या खोलीत एकटा आलो. भिंतीशी मामांचा जेवणाचा डबा उघडा दिसला. मामा बरोबर एकला जेवतात, म्हणजे काम संपवून हात धुवायला गेले असणार, असं मी ठरवलं. दोन हाका मारल्या. "मामा! ओ मामा!" उत्तर आलं नाही. मागचं अंगण तिथून दहा पावलांवर होतं, मध्ये एक भिंत. मी टोपी काढून स्टुलावर ठेवली. माझ्या किल्लीने कुलूप काढलं, तेही टोपीवर ठेवलं. किल्ली परत खिशात टाकली आणि ब्रेकर चालू केला.

जो आवाज झाला तो मी कधी ऐकला नव्हता आणि देव करो, परत ऐकायला न येवो. ब्रेकर क्षणात आपोआप पडला. अंगणातून निळा उजेड भिंतीवर येऊन गेला. मी तिथेच उभा राहिलो. कितीतरी वेळाने, खरं तर दहा-पंधरा सेकंदांनी, भिंतीच्या टोकाशी मामा आले. डावा हात खिशात. उजव्या हातात पुसायचं फडकं. चेहरा राखेसारखा. चिमट्यांनी वीज जमिनीत नेली होती, मामांना नुसता हादरा बसून ते मागे पडले होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते स्टुलाकडे बघत होते. टोपीवर उघडं कुलूप पडलं होतं. त्यांनी हात करगोट्याला नेला. किल्ली तिथेच होती.

त्यांनी मला एवढंच विचारलं, "कुलूप कुठे होतं?"

तेव्हा मी खरं बोलू शकलो असतो. पण आवाज ऐकून सेक्रेटरी आणि गाळेवाले एव्हाना दारात आले होते. मी आवाज चढवला. "कुठे म्हणजे? इथेच पडलेलं! लावलंच नव्हतं तुम्ही! मला वाटलं काम झालं. मामा, माणूस मेला असता म्हणजे?"

मामा म्हणाले, "हो." मग स्टुलावर बसून त्यांनी टोपी हातात घेतली आणि स्वतःशीच म्हणाले, "मी विसरलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परवाना माझ्या ऑफिसात आणून दिला. ज्याला कुलूप लावल्याचं आठवत नाही त्याच्या भरवशावर माणसं आत पाठवायची नाहीत, म्हणाले. मी अडवलं नाही. उलट अंधेरीची दोन कामं सुपरवायझरविना राहिली म्हणून मला राग आला, आणि तो राग इतका खरा होता की काही महिन्यांत मला दुसरी गोष्ट आठवेनाशी झाली. बारशी, साखरपुडे, रिक्षा. वर सांगितलंच आहे.

मामा मात्र घरी बसून स्वतःला तपासायला लागले. मामी तोवर गेल्या होत्या, त्यामुळे थांबवणारं कोणी नव्हतं. गॅसच्या शेगडीजवळ चिठ्ठ्या: "बंद केला. आठ वाजून दहा." त्याखाली: "पुन्हा पाहिला. आठ वाजून बारा." दाराला कुलूप लावून तीन मजले उतरायचे, फाटकापाशी थांबायचे, पुन्हा तीन मजले चढून कुलूप ओढून बघायचे. दुखऱ्या गुडघ्याने. शेजारच्या वहिनी सांगायच्या, "दिवसातून चारदा. आम्ही सांगतो, काका, लागलंय कुलूप. ते म्हणतात, कोण म्हणतो?" त्यांची मुलगी नाशिकहून आली, स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द लक्षात ठेवायला दिले. मामांना सगळं आलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. मामा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हीच टेस्ट आधी तुमच्यावर घेऊ, मग माझ्यावर, मग परत तुमच्यावर." मुलीने हे सांगताना डोळे पुसले. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

गेल्या पावसाळ्यानंतर तिने ठरवलं, बाबांना नाशिकला न्यायचं, मुलुंडचं घर आवरायचं. मामांना जायचं नव्हतं. पण ते नाही म्हणेनात. त्यांच्या नाही म्हणण्यावर त्यांचाच भरवसा उरला नव्हता. एका रविवारी मी आणि बायको मदतीला गेलो. मुलगी भांडी कागदात गुंडाळत होती. मामांनी मला बाल्कनीत बोलावलं. हातात ते पितळी कुलूप, आणि करगोट्यावरून सोडलेली किल्ली.

"जावईबापू, हे तुम्ही ठेवा. चांगलं कुलूप आहे. माझा आता माझ्यावर विश्वास नाही, पण कुलपाचा दोष नाही."

मी आयुष्यात असंख्य सौदे केले. समोरचा माणूस इतका खाली येतो तेव्हा मी गप्प बसून घ्यायचो. त्या दिवशी घेता आलं नाही. मी खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या, त्यातली एक सोडवली आणि कुलपाशेजारी ठेवली. मामांनी ती उचलली, उजेडात धरली, दाते बघितले. मग स्वतःची किल्ली कुलपात घालून फिरवली. उघडलं. दाबून बंद केलं. माझी किल्ली घातली. उघडलं. परत बंद केलं, परत स्वतःची घातली. उघडलं.

त्यांनी ते उघडं कुलूप तळहातावर घेऊन तोललं.

"म्हणजे मी लावलं होतं," ते म्हणाले.

"हो मामा."

"मी लावलं होतं." मग मोठ्याने, आतल्या खोलीकडे वळून, "अगं, ऐकलंस का? मी लावलं होतं!"

मुलगी हातातली कढई तशीच घेऊन बाहेर आली. मी तिला सांगितलं, एमआरआयपासून सगळं. तिने कढई खाली ठेवली. "चार वर्षं, भाऊजी?" एवढंच म्हणाली. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलंच नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे बरेच दिवस नाही. मी वाट बघत होतो की मामा ओरडतील, हाकलतील, एक थोबाडीत देतील. माझी तयारी होती. पण मामांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. चष्मा काढून ते पुसत होते आणि हसत होते, हरवलेली वस्तू पलंगाखाली सापडावी तसे. त्या हसण्याने मला जी लाज वाटली ती थोबाडीत खाऊनही वाटली नसती.

मग त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. प्रत्येक कामाची नोंद त्यात, आणि मरोळच्या पानावर अपघाताच्या कारणापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात: "माझा विसराळूपणा." त्यांनी पट्टी घेऊन त्यावर सरळ रेघ मारली आणि पेन माझ्यापुढे केलं. "कारण लिही. ज्याचं त्याने लिहायचं असतं."

मी लिहिलं, "घाईत गैरसमज झाला." मामांनी वाचलं. "घाई कोणाची? गैरसमज कोणाचा? माणूस लिही." मी लिहिलं, "काँट्रॅक्टरकडून अनवधानाने." "अनवधानाने किल्ली बनते?" मला कळलं, मी इथेही भाव करत होतो. तिसऱ्या वेळी मी लिहिलं की कुलूप लावलेलं होतं, मी चोरून किल्ली बनवली, मी ते उघडलं, आणि नंतर खोटं बोललो. मामांनी दुसरी किल्ली चिकटपट्टीने त्या पानावर चिकटवली आणि सही घेतली.

मुलगी एकटीच नाशिकला गेली. मामा मुलुंडलाच आहेत. मी आता दर रविवारी जातो. मागच्या महिन्यात मी जरा लवकर पोचलो आणि फाटकापलीकडे थांबलो. मामा जिना उतरून आले, फाटकापाशी थांबले, वर बघितलं. उजवा हात किंचित हलला. आणि मग ते मंडईकडे चालायला लागले, पिशवीत मिठाचा पुडा, डावा हात खिशात. चार वर्षांचे ते जिने मी त्यांना कुठून परत आणून देऊ?

चहा देतात, बर्फी देतात, बायकोची चौकशी करतात. पण रजिस्टरच्या त्या पानाखाली त्यांनी एक ओळ लिहून पुढे जागा कोरी सोडली आहे, आणि मी निघताना ते पान उघडून माझ्यापुढे ठेवतात. हाकेला ओ आली नाही तेव्हा मी दहा पावलं जाऊन का पाहिलं नाही, असा तो प्रश्न आहे. उत्तर मला माहीत आहे. गेलो असतो तर मामा दिसले असते, आणि दिसले असते तर थांबावं लागलं असतं. एवढं एक वाक्य आहे. इथे लिहिलं, तिथे अजून लिहिता आलेलं नाही. दर वेळी पेन उचलतो आणि म्हणतो, पुढच्या रविवारी. मामा ऐकून घेतात, मॅटवर उभे राहून दिवा लावतात, आणि दारापर्यंत सोडायला येऊन, आवाज न चढवता, म्हणतात, "दहा पावलं होती रे. का आला नाहीस? उत्तर दे."